गोंडपिपरीचं फाटक कोणी लावलं?

१

रंजीता मोहुर्ले मंगळवारी नागपूरच्या गाडीतून गोंडपिपरीच्या स्टँडवर उतरली. खांद्यावरची बॅग अजून खाली यायची होती, तोच चहावाला टपरीतून ओरडला, "काय ताई, मेलं काय तुमचं नेट? तिकडं मोबाइलवर डॉक्टरचं तोंड हलते अन् आवाज मागून येते!"

एरवी रंजीता चांगलं ठणकावून उत्तर देते. आज ती चहा न घेताच झाडी जाळं सहकारी संस्थेच्या ऑफिसात गेली. कुलूप काढलं, लॅपटॉप उघडला आणि पोर्टलवर आली.

झाडी जाळं म्हणजे पोंभुर्ण्यापासून आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलापर्यंत गावकऱ्यांनी स्वतः उभं केलेलं इंटरनेट. मोठ्या कंपन्यांनी "तिथं परवडत नाही" म्हणून हात वर केले, तेव्हा या लोकांनी वर्गणी काढली, टॉवर रोवले, त्यांवर नेटचे डबे टांगले. पण एक अडचण राहिली. लोक जे काही बघतात, त्यातलं निम्म्याहून जास्त एकाच मोठ्या क्लाउड कंपनीच्या मशिनींवर असतं. त्या कंपनीचं ठाणं नागपुरात आहे, आणि झाडी जाळ्याची तारही नागपुरातच पोचते. तरी सगळी वाहतूक भाड्याच्या लायनीने मुंबईला जाऊन परत यायची. काखेत कळसा नि गावाला वळसा! मग संस्थेचं तांत्रिक काम बघणाऱ्या रंजीताने कंपनीच्या पोर्टलवर संस्थेचं नेटवर्क नोंदवलं, अर्ज केला, महिनाभर त्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि नागपुरातच दोन्ही जाळी थेट जोडून घेतली. याला पिअरिंग म्हणतात. गावांनी त्याला आपलं नाव दिलं, फाटक. दोन शेजाऱ्यांनी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फाटक ठेवायचं, एकमेकांच्या गाड्या येऊ-जाऊ द्यायच्या, हायवेचा वळसा घालायचा नाही.

आज पोर्टलवर ते फाटक नव्हतं. बंद पडलेलं नव्हतं, अडकलेलं नव्हतं. नागपूरची ओळच्या ओळ पुसलेली होती. बिघडलेलं दुरुस्त करता येतं. हे कोणीतरी मुळासकट उपटलं होतं, आणि परत लावायचं तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

रंजीताच्या डोळ्यांत पाणी आलं. रडण्याआधी तिने शिवी घातली, हा तिचा स्वभाव. मग कोणी काय केलं याची नोंद उघडली. सोमवारी दुपारी पिअरिंग काढून टाकलं होतं, संस्थेच्याच जाळ्यातून. करणाऱ्याचं नाव होतं, धुरपता आत्राम.

२

धुरपता म्हणजे वेंगुरटोल्याची. आलापल्लीच्या पलीकडे सागाच्या रानातलं आदिवासी गाव, मोबाइलची रेंज नाही, जे काही नेट आहे ते झाडी जाळ्याचं. त्या बाजूच्या गावांचा कारभार ती बघते, म्हणून पोर्टलचं लॉगिन, म्हणजे आत शिरायची चावी, तिच्याकडेही होतं. ते तिला द्यावं म्हणून रंजीता वार्षिक सभेत भांडली होती. तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं होतं, "यांचा निम्मा वेळ देवदेव करण्यात जाते, हे काय नेट चालवतीन?" आणि सभा हसली होती. धुरपता हसली नव्हती.

संस्थेचे अध्यक्ष नानाजी कोहपरे बातमी ऐकून खुर्चीत बसले ते बसलेच. फाटक सुरू झालं त्या दिवशी नारळ त्यांनीच फोडला होता, आणि शेवटचं बटण त्यांच्याच बोटाने दाबून घेतलं होतं. "पोरगी हाय, चुकून दाबलं असंन," ते हळू आवाजात म्हणाले. "तिले जास्त बोलू नको. पण रविवारी सभा हाय, रंजीता. लोकं इचारतीन."

लोक विचारणारच होते, कारण जलदनेट नावाच्या खासगी कंपनीने संस्थेचं सगळं जाळं चालवायला मागितलं होतं. रविवारच्या सभेत त्यावरच हात वर व्हायचे होते. आठवड्यापूर्वी कोणी त्या कंपनीला दारातही उभं केलं नसतं. आता जो तो म्हणत होता, आपल्याच्यानं होत नाही बुवा.

धुरपता दुसऱ्याच दिवशी गाडी बदलत बदलत गोंडपिपरीला आली, कोणी न बोलावता. ऑफिसात उभी राहूनच म्हणाली, "माहं नाव घेऊन राह्यले म्हणे."

"नोंदीत तुझं नाव आहे," रंजीता म्हणाली. "सोमवारी दुपारी तू काय करत होतीस?"

"घरी होती."

"नेटवर होतीस?"

धुरपताने खिडकीबाहेर बघितलं. "मी केलं नाई. एकदा सांगतलं."

"अगं, पण एवढं बोलून लोक ऐकतील का? काय करत होतीस ते सांग ना!"

"काऊन सांगू? मागं हासले थेच लोकं ना? माहा शब्द पुरत नसंन तं माहं घरदार कायले दाखवू त्याईले?" मग ती नानाजींकडे वळली. "अन् भाऊ, माहा पासवर्ड मंगळवारपासून घेत नाई. कोण बंद केला?"

"मीच बंद करायले लावला आदेशले," नानाजी म्हणाले. "चौकशी होयेपर्यंत."

धुरपता चपला घालून निघून गेली. रंजीताला तिचा राग आला, आणि तिच्याबद्दल अभिमानही वाटला. चोर माणूस असं उभ्या उभ्या भांडायला इतक्या दूर येतो का? पण मग ती सांगत का नव्हती?

३

आधी संशय घ्यायचा तो विक्कीवर. नानाजींचा मुलगा, हैदराबादला जलदनेटमध्ये नोकरीला. बापाने गावाचं जाळं विणलं आणि लेक ते गिळायला निघालेल्या कंपनीत गेला, म्हणून बापलेकांत दोन वर्षं अबोला होता. सगळ्या तालुक्याला ते माहीत होतं. विक्की मंगळवारी संध्याकाळी गोंडपिपरीला उतरला आणि बुधवारपासून गावभर कंपनीची पत्रकं वाटत हिंडत होता.

"चोराच्या मनात चांदणं म्हणतात, विक्कीभाऊ," रंजीताने त्याला ग्रामपंचायतीसमोर गाठलं. "मी काही विचारायच्या आधीच तुम्ही घामाघूम?"

"मे महिना हाय ताई, तुमाले घाम येत नाई काय?" विक्की हसला. "सोमवारी मी हैदराबादले होतो. ऑफिसात होतो, पाहिजे तं साहेबाले फोन लावतो. अन् तुमचं फाटक तुमच्याच जाळ्यातून पुसलं म्हणता ना? मंग मी काय जादू केली काय?"

उद्धट होता, पण खरं बोलत होता. साहेबानेही तेच सांगितलं. फाटक पुसणारा माणूस झाडी जाळ्याच्या आत बसलेला होता, आणि विक्की त्या वेळी शंभर कोसांवर.

तिथून रंजीता नानाजींच्या घरी गेली. नानाजी नव्हते. त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, तिला ताकाचा पेला दिला. मागच्या खोलीला नवा रंग लागलेला होता, रंग अगदी वाळलेला, पलंगावर गादीही घातलेली.

"पाहुणे येणार का काकू?"

"पाहुणे कायले वो? विक्की!" रुखमाबाईंचा चेहरा फुलला. "इथचं ऑफिस त्यालेच भेटणार हाय. मागच्या पंधरवड्यातच यायनं रंगवाले माणूस लावला. मी म्हणलं, अजून कशात काय नाई, अन् तुमी रंग कायले लावता? तं म्हणे, येईन पोरगा, तू पाय."

"पण नानाजीभाऊ तर त्याच्याशी बोलत नाहीत."

रुखमाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "बापाचं काळीज हाय, बाई. लोकाईसमोर बोलत नाई."

रंजीताने ताकाचा पेला अर्धाच खाली ठेवला. ज्या माणसाने तिला मुलीसारखं वागवलं, ज्याच्या शब्दावर ती नागपूरची नोकरी सोडून इथे आली, त्याच्याबद्दल मनात आलेला विचार तिने झटकून टाकला. रंगवलेली खोली हा काही पुरावा नसतो. तिला खात्री हवी होती, आणि ती वेंगुरटोल्याला मिळाली असती किंवा कुठेच नाही.

४

वेंगुरटोल्यात धुरपता घरी नव्हती, तेंदूपत्ता तोडायला गेली होती. तेवढं बरंच झालं. तिची आजेसासू सोनीबाई ओसरीवर मोहाच्या टोळंब्या फोडत बसली होती. टोळंब्या म्हणजे मोहाच्या बिया, त्यांचं तेल काढतात. रंजीता समोर बसली आणि न सांगता फोडू लागली. पोलिसासारखं विचारलं तर इथे कोणी पाणीसुद्धा विचारत नाही, हे तिला एवढ्या वर्षांत कळलेलं होतं.

"सोमवारी इथे नेट चालत होतं का, सोनीबाई?"

"सोमवारी?" म्हातारी हसली. "सोमवारी तं पंडुम होता माय. बीज पंडुम. पेरणीच्या आधी बियाणं देवापुढं मांडाचं. त्या दिवशी कोणी काही करत नाई. गावाच्या शिवेवर लाकूड आडवं टाकतो. कोणी बाहीर जात नाई, कोणी आत येत नाई. कुऱ्हाड नाई, नांगर नाई. मोडलं तं गावाले दंड द्या लागते."

रंजीताचा हात थांबला. "आणि नेटचा डबा?"

"थो बी बंद. गावसभेत ठरलं होतं ना, डबा आला तवाच. बैलाले सुट्टी हाय, नांगराले सुट्टी हाय, मंग डब्याले काऊन नाई? थो बी आपल्यासाठीच राबते." सोनीबाईने टॉवरकडे बोट केलं. "धुरपताच चढते. आदल्या दिवशी सांजेले तार काढली, मंगळवारी सकाळी लावली. साऱ्या गावानं पाह्यलं."

म्हणजे सोमवारी दुपारी या गावातून एक अक्षरही बाहेर गेलेलं नव्हतं. मोबाइलची रेंज नाही, डबा बंद, शिव बंद. ज्या घडीला धुरपताच्या नावाने फाटक पुसलं गेलं, त्या घडीला धुरपता अख्ख्या गावासोबत देवापुढे बसली होती.

आणि हे तिने सांगितलं नव्हतं, कारण ज्या लोकांनी तिच्या देवाला हसून घेतलं होतं, त्यांच्यापुढे स्वतःला वाचवायला ती त्याच देवाचं नाव काढणार नव्हती. रंजीताला स्वतःचीच लाज वाटली. अगं सांग ना, म्हणून तिने किती सहज म्हटलं होतं!

पण मग धुरपताच्या नावाने आत शिरलं कोण?

५

शनिवारी सकाळी रंजीताने आदेशला गाठलं. आदेश संस्थेचा तंत्रज्ञ. आठवडाभर तो पोंभुर्ण्याच्या टॉवरवर होता, वीज पडून जळालेली मशीन बदलत. रंजीता शिडीखाली उभी राहिली आणि तो उतरेपर्यंत हलली नाही.

"पंडुमचं तुला माहीत होतं?"

"होतं ना. धुरपतानं मले रविवारीच कॉल करून सांगतलं, उद्या डबा बंद ठेवतो म्हणून. डबा बंद पडला का वाजते थो वेंगुरटोल्याचा अलार्म मीच बंद केला. नाई तं दिवसभर बोंबलत राह्यला असता."

"हे कोणाला सांगितलंस?"

"कोणालेच नाई. सांगाचं काय त्यात? तुमी नागपूरले होत्या. मी इकडं आलो." त्याने मान खाली घातली. "बुधवारी कळलं का तिचं नाव आलं. अध्यक्षाइले फोन केला होता मी. थे म्हणले, तू यात पडू नको. मंग माही हिंमत नाई झाली."

"आणि तिचं लॉगिन? तू बंद केलंस?"

"मी? मी तं हातबी नाई लावला. मले कोणी सांगतलंच नाई."

रंजीताने तिथेच, टॉवरच्या सावलीत, लॅपटॉप उघडला. धुरपताचं लॉगिन चालू होतं, कोणीही बंद केलेलं नव्हतं. तिचा पासवर्ड तेवढा बदललेला होता, आणि तो बदलला होता सोमवारी दुपारी, फाटक पुसण्याच्या जरासा आधी.

पासवर्ड विसरलो असं पोर्टलला सांगितलं की ते मोबाइलवर एक कोड पाठवतं. जंगलातल्या गावांत रेंज नाही, कोड पोचत नाही. म्हणून तिकडच्या सगळ्यांच्या लॉगिनला गोंडपिपरीच्या ऑफिसचा एकच मोबाइल जोडलेला होता. कोड आला की ऑफिसातला माणूस नेटवरून वाचून दाखवायचा. असली सोय शहरातल्या माणसाला सुचली नसती आणि पटलीही नसती. इथे दुसरा इलाजच नव्हता.

"ऑफिसचा मोबाइल सोमवारी कुठे होता, आदेश?"

"टेबलावर, चार्जिंगले. मी सकाळीच कुलूप लावून निघालो."

कुलपाच्या किल्ल्या तिघांकडे. रंजीता नागपुरात होती. दुसरी किल्ली आदेशची. पण डबा बंद आहे हे ज्याला माहीत होतं, तो त्याच दिवशी धुरपताचं नाव कशाला वापरेल? आळ घ्यायचा तर ज्या गावचा डबा चालू आहे तिथल्या माणसावर घेतात. आणि वापरलंच असतं, तर आता आपल्याच तोंडाने अलार्मची गोष्ट सांगून स्वतःचा डाव कशाला मोडेल? हे काम पंडुम माहीत नसलेल्या माणसाचं होतं. ज्याने आदेशला काही न सांगताच "लॉगिन मीच बंद करायला लावलं" म्हणून ठोकून दिलं होतं, त्याचं.

तिसरी किल्ली नानाजींकडे होती.

रंजीता शिडीच्या पायरीवर बसली. आदेशने पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने घेतली नाही. "म्हातारा लई चांगला आहे रे," ती शेवटी म्हणाली. "म्हणून तर जास्त चीड येते."

त्याच संध्याकाळी तिने धुरपताला नेटवरून कॉल लावला आणि सगळं सांगितलं. "उद्याच्या सभेत मला पंडुमचं बोलावं लागेल. तू नाही म्हणालीस तर नाही बोलणार. मग फाटकही गेलं आणि जाळंही गेलं, हे कबूल करून बसेन."

पलीकडे धुरपताने कोंबड्यांना हुसकावलं.

"तू नको बोलू," धुरपता म्हणाली. "मी येतो."

६

सभेला मंडप अपुरा पडला. विक्कीने प्रत्येक खुर्चीवर पत्रक ठेवलं होतं, उन्हामुळे लोक त्याने वारा घेत होते. नानाजींनी प्रस्ताव वाचायला चष्मा लावला. वाचण्याआधीच धुरपता उठली. तिच्यामागे वेंगुरटोल्याची दहा-बारा माणसं उठली, सोनीबाईसकट.

"सोमवारी आमच्या गावी बीज पंडुम होता," धुरपता म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मंडप गप्प झाला. "त्या दिवशी आमी देवापुढं बसतो. शिव बंद, डबा बंद. हासाचं असंन तं आता हासा, मी थांबतो."

कोणी हसलं नाही.

"डबा बंद होता तं माह्या नावानं फाटक कोण पुसलं? जो आमाले कधी इचारतच नाई का तुमचा सण कवा असते, त्यानं पुसलं."

मग रंजीताने उरलेलं सांगितलं. बंद डबा, बदललेला पासवर्ड, टेबलावरचा मोबाइल, तीन किल्ल्या, आणि कोणी न दिलेला तो हुकूम. तिने नाव घेतलं नाही. ती नानाजींकडे बघत राहिली. मंडपातली एक एक मान तिकडेच वळली.

विक्की उठला. "काही बी काय बोलता? माह्या बापावर आळ—"

"बस खाली," नानाजी म्हणाले. दोन वर्षांत लोकांसमोर ते लेकाशी पहिल्यांदाच बोलले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "मीच केलं. पोरगा घरी येते म्हणून केलं. वाटलं, कंपनी घेईन, पुन्हा जोडन, कोणाचं काय बिघडते? नाव कोणाचं घ्याचं याचा इचारबी नाई केला. सभेत हिच्या लॉगिनवरून भांडण झालतं म्हणून हिचंच डोक्यात आलं." ते धुरपताकडे वळले. "धुरपता, माहं चुकलं. काय शिक्षा देशीन थे दे."

लोकांना वाटलं, आता ती वाट्टेल ते बोलणार. बोलली असती तर कोणी अडवलंही नसतं.

"शिक्षा सभा ठरवंन, भाऊ. मी सावकार नाई, वसुली कराले," धुरपता म्हणाली. "पण या पोराचा कागद आज फाडा. पहिले थे."

"अन् उद्या पुन्हा तुटलं तं?" विक्की ओरडला. "आपल्याच माणसानं तोडलं ना आज? हे जाळं तुमच्याच्यानं सांभाळते काय?"

हा प्रश्न खरा होता. मंडपात कुजबुज सुरू झाली. याचं उत्तर रंजीताकडच्या कुठल्याच नोंदीत नव्हतं.

"तुटंन," धुरपता म्हणाली. "तुटंन तं आपण जोडू. तुह्या कंपनीनं तोडलं तं आपण कोणाच्या दारात जाचं?"

पहिला हात सोनीबाईचा वर गेला, प्रस्तावाच्या विरोधात. मग पोंभुर्ण्याच्या बायकांचे. मग इतके, की मोजायची गरज उरली नाही. नानाजींनी आपल्याच हाताने प्रस्तावाचा कागद फाडला आणि मंडपाच्या मागच्या वाटेने निघून गेले. विक्की त्यांच्यामागे गेला. त्याने बापाला हाक मारली की नाही, ते गोंगाटात कळलं नाही.

रंजीताने तिथेच, सभेसमोर, लॅपटॉप उघडला. पिअरिंगचा नवा अर्ज. संस्थेचं नाव, नेटवर्कचा नंबर, ठिकाण नागपूर. धुरपता शेजारी येऊन बसली. आदेशने पडद्यावर सावली धरली. सगळ्यात खाली कंपनीचा एक प्रश्न होता: आधीचं पिअरिंग काढून टाकण्याचं कारण काय?

रंजीताची बोटं थांबली. "काय लिहू? तांत्रिक अडचण?"

"खोटं काऊन लिहितेस?" धुरपता म्हणाली. "लिही, आमच्याच माणसानं तोडलं, आमीच जोडून राह्यलो."

"अगं, त्यांना मराठी कुठे येते?"

"नाई येत तं इचारतीन कोणाले. आपण नाई काय शिकलो त्याईचं?"

रंजीताने ते जसंच्या तसं लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.